विश्लेषण : गणिती शोध आधी इंटरनेटवर, जर्नलमध्ये नंतर… मग तो तपासतो कोण?

आयआयटी कानपूरचे प्रा. मणींद्र अगरवाल आणि त्यांचे नुकतेच बीटेक झालेले विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी ऑगस्ट २००२ मध्ये नऊ पानांचा शोधनिबंध काही तज्ज्ञांना ईमेलने पाठवला. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे संगणकाला खात्रीने आणि आवाक्यातल्या वेळेत ठरवता येते, हे त्यात सिद्ध केले होते. दोन दिवसांत निबंध इंटरनेटवर खुला झाला. त्याच आठवड्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी दिली. ‘अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या जर्नलमध्ये तो छापून आला २००४ मध्ये! तोवर हेंड्रिक लेन्स्ट्रा यांच्या सूचनेमुळे सिद्धता आणखी सोपी झाली होती.

‘आर्काइव्ह’ म्हणजे काय?

जर्नलमध्ये न छापलेला निबंध म्हणजे प्रीप्रिंट. पूर्वी त्याच्या प्रती टपालाने ओळखीच्यांना जात; ओळख नसेल त्याला बातमी उशिरा कळे. पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे भौतिकशास्त्रज्ञांसाठी प्रीप्रिंटचा सर्व्हर सुरू केला. पुढे गणितज्ञही तिथे आले. तोच आजचा ‘आर्काइव्ह’; पुढे तो कॉर्नेल विद्यापीठात गेला. (इंग्रजी नावातला ‘एक्स’ हे खरे तर ‘काय’ हे ग्रीक अक्षर आहे, म्हणून हा उच्चार.) निबंध टाकणे आणि वाचणे दोन्ही मोफत. दुरुस्ती केली तरी जुनी आवृत्ती तारखेसह राहते, त्यामुळे ‘आधी कोणी केले’ हा वाद बराचसा मिटतो.

पण तिथले मॉडरेटर निबंध विषयाला धरून आहे का, एवढेच पाहतात. सिद्धता बरोबर आहे का, ते नाही.

पेरेलमन यांनी काय केले?

रशियाचे ग्रिगोरी पेरेलमन यांनी नोव्हेंबर २००२ ते जुलै २००३ दरम्यान तीन निबंध आर्काइव्हवर टाकले. त्यात सुमारे शतकभर अडलेल्या प्वांकारे अटकळीची सिद्धता होती. ते त्यांनी कोणत्याही जर्नलकडे पाठवलेच नाहीत. तपासणीचे काम गणितज्ञांच्या वेगवेगळ्या गटांनी आपणहून अंगावर घेतले. संक्षिप्त युक्तिवाद उलगडून लिहिण्यात त्यांची काही वर्षे गेली. २००६ मध्ये पेरेलमन यांना फील्ड्स पदक जाहीर झाले, २०१० मध्ये दहा लाख डॉलरचे क्ले पारितोषिक. दोन्ही त्यांनी नाकारली.

मग जर्नलची गरज संपली का?

नाही. नोकरी आणि बढतीसाठी जर्नलचे नाव अजून विचारले जातेच. मात्र जर्नलचा शिक्का नेहमी पुरतो असेही नाही. जपानचे शिनिची मोचिझुकी यांनी २०१२ मध्ये ‘एबीसी’ अटकळीच्या सिद्धतेचा दावा करणारे शेकडो पानांचे निबंध स्वतःच्या संकेतस्थळावर टाकले. पीटर शोल्झ आणि याकोब श्टिक्स यांनी २०१८ मध्ये त्यात गंभीर त्रुटी असल्याचे म्हटले. मोचिझुकी यांनी ते फेटाळले. मोचिझुकी स्वतः ज्या जर्नलचे मुख्य संपादक, त्यानेच २०२१ मध्ये ते छापले. (परीक्षणातून ते बाजूला राहिले होते.) तरीही बहुतेक तज्ज्ञ ही सिद्धता मान्य करत नाहीत.

टिमोथी गॉवर्स आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या ‘डिस्क्रीट अॅनालिसिस’ने मधली वाट काढली आहे. निबंध आर्काइव्हवरच राहतो. जर्नल त्याचे परीक्षण करून फक्त लिंक देते. लेखकाला शुल्क नाही, वाचकालाही नाही. परीक्षकाला मात्र निबंध तिथेही ओळ न् ओळ वाचावा लागतो.