वर्दी उतरल्यानंतरचा जनरल

23 जानेवारी, नेताजींची जयंती. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यापासून मी लातुरात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना शिकवतो. आज संध्याकाळी नांदेडच्या एका वसतिगृहात त्यांच्या आझाद हिंद फौजेतल्या मेजर जनरल जगन्नाथराव भोसल्यांवर बोलायचं आहे. पण त्याआधी रोजचं काम आहेच.

पहाटे 4.30

मैदानावर अंधार आहे आणि थंडी मी म्हणतेय. चाकूर, रेणापूर, औसा, निलंगा आणि पलीकडून मुखेड-कंधारची पोरं ओळीत उभी राहतात. "जय हिंद, सर!" ही हाक आझाद हिंद फौजेत रुजवली ती हैदराबादच्या आबिद हसन यांनी. त्या काळी आपला लातूर-नांदेडचा मुलूखही निजामाच्या त्याच हैदराबाद संस्थानात होता. नेताजींची फौज म्हणजे कुठली तरी लांबची गोष्ट नव्हे, एवढं सांगतो आणि पोरांना वॉर्म-अपला सोडतो.

सकाळी 5.30

1600 मीटर. साडेपाच मिनिटांच्या आत आला त्याला पूर्ण 60 गुण. नवी पोरं पहिल्याच फेरीत जीव तोडून पळतात आणि तिसरीला बसतात. मी कडेनं ओरडत राहतो, "दम राखा, शेवटची फेरी बाकी आहे!" वेळ वहीत लिहितो. कालच्यापेक्षा दोन सेकंद कमी झाले तरी पोराचा चेहरा उजळतो.

सकाळी 7.00

बीम, नऊ फुटी खंदक, झिगझॅग बॅलन्स. मग भिजवलेले हरभरे आणि केळी. खाता खाता एक जण विचारतो, "सर, चार वर्षांनी परत धाडलं तर काय करायचं?"

प्रश्न खरा आहे. 2022 पासून शिपाई अग्निवीर म्हणून भरती होतो. चार वर्षांनी तुकडीतले जास्तीत जास्त 25 टक्के पुढे ठेवले जातात. बाकीची पोरं पंचविशीच्या आसपासच गावी परतणार. मला पेन्शन आहे, त्यांना ती नसेल. त्याला म्हटलं, "दुपारी माझ्यासंगं नांदेडला चल."

सकाळी 10.00

पोरं गणिताच्या तासाला बसली की मी टिपणं काढतो. भोसल्यांचा जन्म 1906 चा, तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानातला. देहरादूनच्या लष्करी विद्यालयात आणि मग इंग्लंडच्या सँडहर्स्टला ते शिकले आणि मराठा पलटणीत अधिकारी झाले. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडलं आणि हजारो हिंदी सैनिक जपान्यांचे कैदी झाले. भोसले आझाद हिंद फौजेत गेले आणि तिचे चीफ ऑफ स्टाफ झाले. 21 ऑक्टोबर 1943 ला नेताजींनी सिंगापुरात आझाद हिंद सरकार जाहीर केलं, त्यात लष्कराच्या प्रतिनिधींमध्ये त्यांचं नाव आहे.

युद्ध हरल्यावर कैद आली. देश स्वतंत्र झाला, पण आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांना भारतीय लष्करात परत घेतलं गेलं नाही. ज्या माणसानं तरुणपणापासून फक्त फौज पाहिली, त्याला चाळिशीत फौजेचं दार बंद झालं. या ओळीखाली मी दोन रेघा मारतो.

दुपारी 1.00

औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावाहून एका पोराची आई फी घेऊन आली आहे. "सर, लेकरू लागंल ना कुठं तरी?" 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तिचं माहेर गाडलं गेलं, तेव्हा ती लहान होती. ढिगारे उपसायला आलेले जवान तिला आठवतात. फौजेबद्दलचा तिचा विश्वास तिथला आहे. तिला खोटी खात्री देत नाही. म्हणतो, "ताई, पोरगं मेहनती आहे. लागेल, आणि परत आलं तरी रिकाम्या हातानं येणार नाही, हे माझं काम."

दुपारी 2.15

नांदेडची एसटी. शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा. खिडकीबाहेर तुरीच्या काढलेल्या पेंढ्या आणि हिरवा हरभरा. सकाळी प्रश्न विचारणारा पोरगा शेजारी झोपलाय. मी भाषणाचा उत्तरार्ध मनात जुळवतो.

संध्याकाळी 6.30

वसतिगृहाचं अंगण भरलंय. लढाईचा भाग पोरांना आवडतो, पण मी तो आवरता घेतो आणि 1952 वर येतो. त्या वर्षी भोसले रत्नागिरी जिल्ह्यातून पहिल्या लोकसभेवर निवडून गेले आणि नेहरूंच्या सरकारात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीत घरदार गमावलेल्या लाखो माणसांचं हे खातं. छावण्यांत वाढणाऱ्या मुलांना ना दिनक्रम, ना कुणाचा धाक, ना कुणाची शाबासकी. भोसल्यांना जे येत होतं ते त्यांनी या मुलांना दिलं. 1954 मध्ये दिल्लीच्या कस्तुरबा निकेतन या निर्वासितांच्या वसाहतीत त्यांनी कवायत, व्यायाम, समूहगान यांचा वर्ग सुरू केला. त्यातून राष्ट्रीय अनुशासन योजना उभी राहिली आणि पुढे शिक्षण खात्याकडून देशभरच्या शाळांत गेली. 1963 मध्ये ते गेले. मुंबईत मंत्रालयाजवळच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे.

मग मी किल्लारीवर येतो. भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं या भागातली सुमारे 1200 मुलं शिकायला पुण्याला नेली. उद्ध्वस्त झालेल्या मुलाला अन्न आणि छप्पर लागतंच, पण सकाळी कुणीतरी नावानं हाक मारून ओळीत उभं करणारंही लागतं. आपल्याला कुणीतरी मोजतंय हे त्या मुलाला कळलं की ते उभं राहायला लागतं. भोसल्यांनी हे ओळखलं, कारण पराभूत, कैद झालेल्या सैनिकांना पुन्हा फौज म्हणून उभं करण्याचं काम त्यांनी आधी केलं होतं.

सकाळचा पोरगा उठतो. "पण सर, ते मंत्री होते. आम्ही काय करणार?"

"मंत्रिपद पाच वर्षांचं होतं," मी म्हणतो. "कवायत त्याच्या आधीही त्यांची होती. तुझ्या गावच्या शाळेत खेळाचा शिक्षक आहे का?"

"नाही."

"मग काम आहे."

रात्री 9.30

मुक्काम नांदेडलाच. वहीत पुढच्या महिन्याचं वेळापत्रक आखतो. 1600 मीटर, बीम, गणित, सामान्य ज्ञान आहे तसंच. त्यात एक भर: दर रविवारी प्रत्येक पोरानं जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर लहान मुलांचा तासभर व्यायाम घ्यायचा. मुख्याध्यापकांची परवानगी मी काढीन. भरतीत याला एकही गुण नाही. पण वर्दी प्रत्येकाची एक दिवस उतरते, जनरलचीही उतरली. त्यानंतर आपलं ज्ञान कुणाच्या उपयोगी पडतं, यावर सैनिकाचं उरलेलं आयुष्य ठरतं. हे पोरांना भरतीआधीच शिकवायला हवं, आणि ते मी शिकवणार आहे.