पोलादावरची सोनेरी नक्षी

कोफ्तगरी म्हणजे पोलाद बारीक खरवडून त्यावर सोन्याचांदीची तार हाताने ठोकून बसवण्याची कला. तलवारीची मूठ, ढाल, कट्यार आणि तोड्याच्या बंदुकीची नळी हे तिचे मुख्य क्षेत्र. राजस्थानात उदयपूरला कारागीर कुटुंबांनी ती आजही टिकवली आहे.

महाराष्ट्रात पुलगावला लागून असलेले नाचणगाव नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातले. शस्त्रांवरच्या नक्षीचा या मुलखाशी जोडलेला उत्तम नमुना याच घराण्यातले रघूजी भोसले पहिले यांच्या तलवारीवर दिसतो. लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने 2025 साली ती परत मिळवली. पाते युरोपीय, मूठ मुल्हेरी घडणीची. मुठीवर सोन्याची कोफ्तगरी आहे आणि पात्याच्या पाठीवर रघूजींचे नाव देवनागरीत सोन्याने कोरले आहे. परदेशी पात्याला इथल्या कारागिराने आपल्या धन्याची ओळख दिली, म्हणून ही नक्षी केवळ शोभेची ठरत नाही.

काम सावकाश चालते. पोलाद घासून स्वच्छ केले की त्यावर धारदार सुरीने दोन-तीन दिशांनी अगदी जवळजवळ रेघा ओढतात. या रेघांच्या खरबरीत जाळीतच तार रुतते. टोकदार सळईने वेलबुट्टी आखून त्या रेषेवर मऊ केलेली तार दाबत नेतात, हलक्या हातोडीने ठोकतात, तापवतात आणि अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटतात. शेवटी पुन्हा आच देतात. सुमारे 300 अंश सेल्सिअसला पोलादावर निळी झाक चढते आणि तिच्यावर सोने उठून दिसते. तहनिशान या प्रकारात आधी खोल खाच कोरून सोने भरतात. ते काम जास्त टिकते, पण त्याला धातूही जास्त लागतो.

बंदुकीत हा फरक जिवाशी खेळणारा आहे. बार उडताना सर्वाधिक दाब नळीच्या मागच्या भागावर येतो, आणि जुन्या तोड्याच्या बंदुकांवर नक्षी बहुधा तिथे व तोंडाशीच आढळते. तिथे वरवरची कोफ्तगरी चालते, खोल कोरीवकाम नळी कमकुवत करू शकते. कमान किंवा घोड्यासारख्या पाणी दिलेल्या भागांना जास्त आच लागली, तर त्यांचा कडकपणा उतरतो.

घरच्या कार्यशाळेत होणारे आधुनिक काम वेगळे. रायफलच्या बोल्टवर एकमेकांवर थोडी चढलेली वर्तुळे उमटवतात. त्यासाठी ड्रिलमध्ये फिरणाऱ्या लहान दांड्याच्या टोकाला कार्बोरंडमची भुकटी तेलात कालवून लावतात आणि प्रत्येक वर्तुळानंतर बोल्ट ठरावीक अंतराने सरकवतात. यात आच लागत नाही, आणि बारीक चरांत तेलही धरून राहते. भारतात मात्र शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 8 प्रमाणे बंदुकीवरचे नाव, क्रमांक किंवा ओळखखूण पुसणे वा बदलणे गुन्हा आहे, त्यामुळे नक्षी त्या जागेपासून दूरच ठेवावी लागते.

जुन्या शस्त्राला सर्वांत मोठा धोका अतिउत्साही सफाईचा. गंज काढायला पॉलिश कागद फिरवला की पातळ सोने आणि खालची जाळी दोन्ही निघून जातात, आणि त्या जागी मूळ नक्षी परत बसवता येत नाही. अशी वस्तू हाती आली, तर ती कोरडी ठेवून संग्रहालयाच्या जतनतज्ज्ञाकडे न्यावी.