तमाशा फडाचा जमाखर्च

हंगाम : मोठे तंबूचे फड साधारण दसऱ्याला बाहेर पडतात आणि वैशाखापर्यंत फिरतात. पावसाळ्यात उत्पन्न बंद, देणी मात्र चालू.

तिकिटाचा खेळ : कनात लावून, दारावर तिकीट विकून. गल्ला फडाचा आणि जोखीमही फडाचीच. अवकाळी पाऊस आला की मुक्कामाचा खर्च अंगावर.

सुपारीचा खेळ : गावची यात्रा समिती ठरावीक रक्कम देते, गावकऱ्यांना खेळ फुकट. ठरवताना इसार, उरलेले पैसे खेळाच्या वेळी. काही गावांत रात्रीच्या खेळाबरोबर सकाळची हजेरीही (दिवसाचा खेळ) ठरते.

बाजारपेठ : पुणे जिल्ह्यातले नारायणगाव. पाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात. चैत्र-वैशाखातल्या यात्रांच्या तारखा इथेच ठरतात.

उचल : हंगामाआधी कलावंतांना आगाऊ रक्कम द्यावी लागते, ती पुढे पगारातून वळती होते. भांडवल नसलेला मालक त्यासाठी सावकाराकडे जातो. व्याज यात्रांच्या कमाईतून फिटते.

रोजचा खर्च : ट्रकचे डिझेल, जनरेटर, भटारखाना, मजुरी, परवाने.

वेळेची अडचण : २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. रात्रभर चालणारा वग (तमाशातले नाट्य) त्यामुळे आखडला.

मोठा फटका : २०२०चा पाडवा २५ मार्चला होता. देशव्यापी टाळेबंदी त्याच दिवशी लागू झाली. यात्रा रद्द झाल्या, सुपाऱ्या बुडाल्या. दिलेली उचल मात्र वसूल व्हायची राहिली.