आत शिरणारी गळती

रेडिएटर गळला तर गाडीखाली पाणी साचतं, ऑइल गळलं तर डाग पडतो. व्हॅक्यूमची गळती जमिनीवर काहीच खूण ठेवत नाही, कारण इथे आतलं बाहेर येत नाही, बाहेरची हवाच आत शिरते. रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनहून मासळी वाहणाऱ्या जुन्या पिकअपमध्ये ती शोधायची म्हणजे मेकॅनिकचा कस लागतो.

वातावरणाचा दाब टोरिचेल्लीने 1643 मध्ये पाऱ्याच्या नळीत मोजून दाखवला. समुद्रसपाटीला तो 760 मिलिमीटर भरतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो. ब्रेकचा बूस्टर याच दाबावर चालतो. त्याच्या डब्यातल्या 9 इंची पडद्याच्या एका बाजूला 500 मिलिमीटरचा व्हॅक्यूम असेल, तर पॅडल दाबताच दुसऱ्या बाजूने शिरणारी साधी हवा पावणेतीनशे किलोंच्या आसपास जोर लावते! भरलेली गाडी पायाच्या दाबाने थांबते ती या हवेच्या बळावर.

पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्यूम आपोआप मिळतो. थ्रॉटल बंद असताना पिस्टन हवा ओढतात आणि मॅनिफोल्डमध्ये 430 ते 550 मिलिमीटरचा व्हॅक्यूम तयार होतो. जुन्या विलीज जीपचे वायपरसुद्धा त्यावरच चालत. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल उघडे, व्हॅक्यूम पडे आणि ऐन पावसात वायपर मंदावत. अशा इंजिनाच्या पॅकिंगमधून हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, आयडलिंगला इंजिन थरथरतं. रेस वाढवली की तेच इंजिन गुळगुळीत चालतं.

आपल्या बहुतेक पिकअप डिझेलच्या. जुन्या डिझेल इंजिनात थ्रॉटल नसतो, म्हणून व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप लागतो. तो पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो. इथे गळती झाली तरी इंजिन बिनतक्रार चालतं आणि ब्रेक कडक होतो. माझ्या मते हाच प्रकार जास्त घातक, कारण इंजिनाच्या आवाजावरून चालकाला काहीच कळत नाही.

खारी हवा आणि मासळीच्या बर्फाचं पाणी लोखंडी क्लिपा गंजवतं. उष्णतेने रबर कडक होतं. पाइप वरून धडधाकट दिसतो, पण बूस्टरजवळच्या वळणावर अंगठ्याने वाकवला की केसाएवढ्या चिरा उघडतात. साबणाचं पाणी लावून उपयोग नाही. फुगे येतच नाहीत, पाणी आत ओढलं जातं. जाणता मेकॅनिक रबरी नळीचा तुकडा कानाला लावून तिचं दुसरं टोक जोडाजोडांवर फिरवतो आणि सूं सूं आवाज कुठे वाढतो ते ऐकतो. पेट्रोल इंजिनावर पाण्याचा बारीक फवारा मारला की गळतीच्या जागी इंजिनाचा सूर बदलतो. त्यासाठी पेट्रोल मात्र कधीच फवारू नये. गरम मॅनिफोल्डवर ते पेट घेतं.

मीटर लावून मोजणाऱ्यांनी उंचीही ध्यानात घ्यावी. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून 1,372 मीटरवरच्या महाबळेश्वरला पोहोचलं की हवेचा दाबच सुमारे 645 मिलिमीटर उरतो. तिथे काटा शंभरावर मिलिमीटर कमी दिसला, तर त्यावरून गळतीचा निष्कर्ष काढू नये.

मालकांनी आणि चालकांनी निदान एक चाचणी स्वतः करावी. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावा. इंजिन बंद ठेवून पॅडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पॅडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर पाइप, झडप, पंप किंवा बूस्टर यांपैकी काहीतरी बिघडलं आहे. पुढे इंजिन बंद करून काही मिनिटांनी पॅडल दाबा. पहिल्याच दाबाला कडक लागलं, तर एकाच दिशेने हवा सोडणारी झडप आधी तपासा. दुरुस्ती होईपर्यंत भरलेली गाडी घाटात किंवा आगरदांड्याच्या जंगलजेटीच्या (वाहनं नेणाऱ्या बोटीच्या) उतारावर नेऊ नका.