वेगळ्या चुलीचं घर
(एका छपराखाली : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण १९५४चा विशेष विवाह कायदा पाहिला. धर्म न बदलता दोन वेगळ्या धर्मांच्या माणसांना त्याखाली लग्न करता येतं. पण लग्नानंतर दोघांपैकी एकाचीच श्रद्धा बदलली तर? किंवा उडालीच तर? हिंदू विवाह कायदा धर्मांतराच्या प्रसंगी जोडीदाराला घटस्फोटाची वाट दाखवतो. एकत्र नांदायचं कसं, हे मात्र घरातल्यांनीच शोधायचं असतं.

एका घराने ते शोधलं होतं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या पदरी तेव्हा लहानगा दत्तू होता. पुढची काही वर्षं त्यांनी नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने काढली. कवी म्हणून टिळकांवर माझं प्रेम आहे, तरी इथे त्यांना माफ करणं मला जमत नाही. श्रद्धा बदलण्याचा हक्क त्यांचा होता. पण ज्या बाईचं सगळं आयुष्य त्या निर्णयाने उलटंपालटं होणार होतं, तिला आधी विश्वासात घ्यायला हवं होतं.

माझं मन रेंगाळतं ते त्यापुढच्या दिवसांत. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या त्या हिंदू म्हणूनच. सोवळंओवळं सुटलं नव्हतं, नवऱ्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं. म्हणून चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळक ख्रिस्ताचा संदेश सांगत फिरणारे, आणि त्यांचाच स्पर्श जिला चालत नाही अशी चूल त्यांच्या संसारात पेटत होती. त्यांनी ती पेटू दिली. आपल्याकडे ‘वेगळी चूल मांडली’ म्हणजे घर फुटलं. टिळकांचं घर वेगळ्या चुलीमुळेच पुन्हा सांधलं.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. ती चूल नुसत्या भक्तीची नव्हती, जातीचीही होती. बायकोच्या मनाला जपणं एक, आणि माणसाचा विटाळ मानण्याला मान देणं वेगळं. जी श्रद्धा दुसऱ्याला खाली बसवते तिच्यापुढे मी मान तुकवणार नाही. पण तो पीळ लक्ष्मीबाईंनी स्वतःच सोडवला. जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाला घातला, आणि उत्तर मिळाल्यावर सोवळं सोडलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ त्यासाठी पुन्हा वाचावीत.

त्याच १८९५च्या जूनमध्ये पुण्यात गोपाळ गणेश आगरकर गेले. ‘सुधारक’कार आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यापर्यंत सनातन्यांची मजल गेली होती. देव न मानणारा हा माणूस घरात मात्र यशोदाबाईंच्या पूजाअर्चेच्या आड आला नाही. गेल्यावर त्यांच्या उशाशी पैशांची एक पुरचुंडी सापडली, स्वतःच्या अंत्यविधीच्या खर्चासाठी बाजूला ठेवलेली. मागे राहणाऱ्या बायकोला कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढा विचार त्यांनी करून ठेवला होता.

न मानणाऱ्यांना आता कायद्याचंही पाठबळ आहे. ‘मला कोणताही धर्म नाही’ असं म्हणण्याचा हक्क संविधानाच्या २५व्या कलमातच येतो, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं. मात्र हा हक्क घरात वापरताना समोर सरकार नसतं, आई असते.

आमच्या घरातलं सांगते. माझे काका नास्तिक, काकू रोज विष्णुसहस्रनाम म्हणणाऱ्या. काकांनी देहदानाचा अर्ज भरायला घेतला तेव्हा काकू दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांचं दुःख साधं होतं: अस्थी नाहीत, मग विसर्जन कशाचं करू? काका तिसऱ्या दिवशी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, “देह माझा, तो मी देणार. पण मागे राहणार आहेस तू. तुझ्या मनाला जे हवं ते कर, मुलांनी मोडता घालायचा नाही.” हे त्यांनी मुलांना समोर बसवून सांगितलं. मग काकूंनी अर्जावर साक्षीदार म्हणून सही केली.

काका गेले तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयाची गाडी आली. काकूंनी त्यांच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं, गाडीपर्यंत गेल्या आणि दार लागेपर्यंत उभ्या राहिल्या. दहाव्या दिवशी धाकट्या मुलाने, जो स्वतः काही मानत नाही, भल्या पहाटे उठून आईला नदीवर नेलं. विधी होईपर्यंत तो पायरीवर आईच्या चपला सांभाळत बसला होता.

(पुढील लेखांकात : मुलांचं नाव, मुंज आणि शाळेच्या दाखल्यावरचा धर्म)