सरदार सरोवर प्रकल्पातील आदिवासी पुनर्वसन आणि जमिनीच्या नोंदीचा प्रश्न

प्रस्तावना :
धरणाच्या पाण्याखाली जमीन गेली की ती कसणारा विस्थापित ठरतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पर्यायी जमिनीचा हक्क बहुतांशी महसुली दप्तरातील नोंदीवर अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील सरदार सरोवरग्रस्त आदिवासींच्या संदर्भात या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

लवादाचा निवाडा :
नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ मध्ये अंतिम झाला. भूसंपादनाच्या अधिसूचनेपूर्वी किमान एक वर्ष बुडीत क्षेत्रात राहणारी किंवा जमीन कसणारी व्यक्ती या निवाड्यानुसार विस्थापित ठरते. जमिनीच्या बदल्यात किमान दोन हेक्टर जमीन मात्र ज्यांची २५ टक्क्यांहून अधिक धारण जमीन संपादित झाली, अशाच कुटुंबांना देय होती. म्हणजे विस्थापिताची व्याख्या व्यापक होती. जमिनीचा हक्क संकुचित राहिला.

नोंदीबाहेरचे शेतकरी :
महाराष्ट्रातील ३३ बाधित गावे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील आहेत. येथील भिल्ल व पावरा कुटुंबांपैकी अनेकांनी पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसली. परंतु सातबारा नसल्याने ती ‘अतिक्रमणदार’ ठरली. गुजरातने १९८७ मध्ये भूमिहीन व अतिक्रमणदारांनाही दोन हेक्टर जमीन देण्याचे धोरण स्वीकारले. महाराष्ट्राचे धोरण तितके उदार नव्हते. १९९२ च्या मोर्स समितीच्या अहवालाने या तफावतीकडे लक्ष वेधले. पुनर्वसनासाठी निवडलेल्या तळोदा परिसरातील वनजमिनीवरही स्थानिक आदिवासी शेती करीत होते. त्यामुळे एका गटाच्या पुनर्वसनातून दुसऱ्याच्या विस्थापनाचा धोका निर्माण झाला.

नोंद न होणारी हानी :
समाजशास्त्रज्ञ मायकेल सर्निया यांनी विस्थापनातून उद्भवणारे दारिद्र्याचे आठ धोके सांगितले. सामायिक संसाधने गमावणे हा त्यांपैकी एक होय. नदीतील मासे, मोहफुले, चारा व सरपण यांवर आदिवासींचा संसार चालतो. मात्र यांपैकी कशाचीही नोंद सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावे होत नाही. परिणामी भरपाईच्या हिशेबात या उपजीविकेला स्थान मिळत नाही.

समारोप :
२००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वी वनजमिनीवरून पुनर्वसनाशिवाय बेकायदेशीरपणे विस्थापित झालेल्या आदिवासींचा पर्यायी जमिनीसह पुनर्वसनाचा हक्क मान्य केला. तथापि हे कायदेशीर उत्तर येईपर्यंत नर्मदाकाठची अनेक शेते पाण्याखाली गेली होती. भूसंपादनापूर्वीच ग्रामसभेसमोर प्रत्यक्ष वहिवाटीची पाहणी होणे म्हणूनच आवश्यक ठरते. अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोल्यासारख्या धरणे असलेल्या आदिवासी तालुक्याचा अभ्यास करतानाही दप्तराबरोबर ही वहिवाट तपासली पाहिजे. अन्यथा दप्तराने वगळलेला माणूस संशोधनातूनही वगळला जाईल.