उपाशीपोटी बोटीत बसू नका

कासू, वडखळ, पोयनाड या पट्ट्यातून मांडव्याला जाऊन मुंबईची बोट धरणाऱ्याला निघताना एक सल्ला हमखास मिळतो: काही खाऊ नकोस, म्हणजे बोट लागणार नाही. सल्ला जुना आहे आणि साफ चुकीचा आहे. बिघाड पोटात नसतोच, तो सुरू होतो आतल्या कानात. तिथला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला कळवतो की शरीर वरखाली होतंय. मोबाइलमध्ये खुपसलेले डोळे सांगतात की सगळं जागच्या जागी आहे. या विसंगतीतून मळमळ उठते. शंका असेल त्यांनी अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहावा. दोन्ही आतले कान निकामी असलेल्या माणसांना त्यांनी उत्तर अटलांटिकच्या वादळात बोटीवर नेलं. शाबूत कानांचे बरेच सोबती ओकत होते, यांना मात्र बोट लागली नाही. पोट तर सगळ्यांनाच होतं!

यावर म्हणतात, उपाशी माणसाला निदान उलटी तरी होत नाही. होते. अन्न नसलं की कडू पित्त पडतं किंवा कोरडे उमाळे येत राहतात, आणि तेच जास्त छळतात. तर्रीबाज मिसळ चापून बसणंही वाईटच. पण भाकरीचा तुकडा, केळं, दोन बिस्किटं पोटात असलेली बरी. मग कोळ्यांना कशी लागत नाही? सरावाने. सलग दोन-तीन दिवस समुद्रावर काढले की बहुतेकांचा मेंदू त्या हेलकाव्यांना रुळतो. तासाभराच्या फेरीत तेवढी सवड नसते. बोट लागणारा माणूस कच्च्या दिलाचा, हा आणखी एक अन्याय: इंग्रजांचा नामांकित नौसेनापती नेल्सन यालाही ती आयुष्यभर लागत होती.

मोठ्या जहाजावर बोट लागतच नाही, हेही खरं नाही. गोव्याच्या क्रूझवरसुद्धा संथ, लांब हेलकावे अनेकांना आडवं करतात. नाकाशी लिंबू धरल्याने बरं वाटत असेल तर धरा, पण भरवसा जागेवर ठेवा: बोटीच्या मधोमध, शक्यतो खालच्या मजल्यावर, नजर क्षितिजावर. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, रो-रो चालू असते, तेव्हा हे विशेष लक्षात असू द्या. उलट्या सुरू झाल्यावर गोळी गिळणं फुकट. डॉक्टरांना विचारून ती निघण्याआधी घ्यावी. या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे रो-रोतून उतरून स्वतः गाडी चालवायची असेल तर गोळी घेऊ नका.